रॉकेटवाल्या आपा

गेल्या वर्षी आपला माणूस पुन्हा अंतराळात गेला, त्या दिवशी उड्डाणाच्या थोडं आधी माझा फोन वाजला.

"टीव्ही लाव गं." हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"लावलाय, आपा."

"मग बोलू नको. बघ."

फोन तसाच चालू ठेवून आम्ही दोघी बघत बसलो. त्या गेवराईत, मी लातूरला. रॉकेट चढत चढत ठिपका झालं, मग तोही दिसेना. टीव्हीवरची माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. मग आपा म्हणाल्या, "आता त्याची आई नीट जेवायची न्हाई बघ, तो खाली येईस्तोवर." आणि फोन ठेवला.

मी दिंद्रुडची. पंचायत समितीत लिपिक म्हणून पहिली नेमणूक गेवराईला झाली, आणि एकट्या मुलीला खोली देणारं घर शोधता शोधता आपांच्या दारात पोचले. खाली रशीदचाचांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, मधल्या मजल्यावर आपा आणि वर गच्चीला लागून माझी खोली. आपा मुलींच्या उर्दू शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा वारलेला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि गावातही ते कुणी घेत नसे. सगळे त्यांना रॉकेटवाल्या आपा म्हणत. तोंडावर नुसतं आपा.

पहिल्या संध्याकाळी मी सामान लावत होते. आपा जिना चढून आल्या आणि त्यांनी माझ्या हातात पाकीटबंद दातांचा ब्रश ठेवला.

"माझ्याकडे आहे, आपा."

"असू दे. सगळ्यांना वाटतं, आहे." त्या माझ्या ट्रंकेवरच बसल्या. "पहिली बाई वर गेली ना, कापडगिरणीत काम करणारी पोरगी हुती. तिला खायाला दिलं, प्यायला दिलं, पेस्ट दिली. ब्रश द्यायचा इसरले. येवढे शास्त्रज्ञ, येवढी मोठी सरकार, आन् एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई का पोरगी सकाळी उठून दात कशानं घासणार. बोटानं घासले बेचारीनं."

मला हसावं की हळहळावं कळेना. आपा मात्र खरोखर चिडल्या होत्या. काल-परवा घडल्यासारख्या. त्यांच्या कपाटात नव्या ब्रशांचा एक डबाच होता. मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाला एक मिळायचा, लग्नाला आलेल्या पाहुण्यांनाही.

त्याच बाईची दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. ती खाली उतरली तेव्हा आसपासच्या गावातली माणसं धावत आली. तिनं आपलं अंतराळातलं उरलेलं खाणं त्यांना वाटून टाकलं आणि त्यांनी आणलेलं घरचं जेवण पोटभर जेवली. तपासणीच्या आधी काही खायचं नव्हतं म्हणून तिला नंतर बोलणी बसली. "बसू दे," आपा म्हणायच्या. "गावच्या बायांनी आणलेलं ताट परत करायचं का मग? ती तशी न्हवती."

यंत्रांत त्यांना काडीचा रस नव्हता. रॉकेटात इंधन कोणतं, वेग किती, असलं काही विचारलं की त्या म्हणायच्या, "इंजिनाचं रशीदला इचार." त्यांना माणसं हवी असत. वर गेल्यावर कोणाला उलट्या झाल्या, कोणाला झोप लागली नाही, कोणाची बायको रेडिओला कान लावून बसली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायका अजून सांगतात, पुस्तकात अंतराळावर दीड पान होतं आणि आपा त्यात सगळा हिवाळा घालवायच्या. मग परीक्षा तोंडावर आली की प्रकाश, चुंबक आणि पचनसंस्था दोन आठवड्यांत उरकायच्या.

सगळ्यांत आधी वर गेलेल्या कुत्रीचा धडा त्या उभ्यानं शिकवायच्या. वर्गालाही उभं करायच्या. "तिला परत आणायची सोय केलीच न्हवती," त्या मुलींना सांगायच्या. "हे पुस्तकात शेवटच्या ओळीत लिहिलंय. आपुन पहिल्यांदा वाचू."

आपांच्या बैठकीत भिंतीवर दोनच फोटो होते. एक त्यांच्या नवऱ्याचा, काळी टोपी घातलेला, गंभीर. शेजारी मासिकातून कापून चौकटीत बसवलेला जगातल्या पहिल्या अंतराळवीराचा, साध्या कपड्यांतला, मोकळा हसणारा. येणाऱ्याला तो घरातलाच कोणी वाटायचा. एकदा चौसाळ्याहून त्यांची लांबची आत्या आली होती. चांगली म्हातारी, पण नजर तीक्ष्ण. तिनं फोटो निरखला आणि विचारलं, "पोरगा गोरागोमटा हाय. कुठं असतो? आमच्या मुमताजसाठी बघाय लागलोय."

"तो न्हाई आता, आत्या," आपा म्हणाल्या. "विमान पडलं त्याचं. ऐन जवानीत गेला. दोन पोरी हुत्या लहान."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग आपांचेही डोळे भरून आले. दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आत्या जाईपर्यंत तो कोण हे आपांनी तिला सांगितलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "सांगून काय? रडली ना ती त्याच्यासाठी. लई लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. रडणारं थोडं हाय."

हे वेड लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. वडिलांचा फळांचा व्यापार. गोदावरीच्या वाळूतली खरबुजं त्यांच्या दुकानात यायची. दुकानात रेडिओ होता आणि संध्याकाळी तिथं माणसं जमायची. आपा तेव्हा लहान. वडिलांनी बातमी ऐकून सगळ्यांना सांगितलं, एक माणूस आसमानात जाऊन परत आला. दुकानात एकच गलका झाला. कुठवर गेला, काय दिसलं, खरं की खोटं. आपांनी वडिलांचा सदरा ओढून विचारलं, "अब्बा, उसकू लेने कोन गया था?"

वडिलांना माहीत नव्हतं. पुढं शाळेत नोकरीला लागल्यावर ग्रंथालयातल्या एका जुन्या मासिकात त्यांना उत्तर सापडलं. तो पॅराशूटनं एका शेतात उतरला होता. तिथं एक म्हातारी नातीला घेऊन बटाटे लावत होती. आभाळातून नारंगी कपडे आणि पांढरं शिरस्त्राण घातलेलं काहीतरी आलं आणि चालायला लागलं. बाई घाबरली, पोरीला धरून मागं सरायला लागली. तो म्हणाला, भिऊ नका, मी तुमच्यातलाच आहे. आणि मला एक फोन करायचा आहे.

"फोन!" आपा हे सांगताना मांडीवर थाप मारायच्या. "जगाला चक्कर मारून आलेला माणूस, आन् त्याला फोन पायजे. समोर मंत्री न्हाई, फौज न्हाई. एक म्हातारी आन् एक पोर. बघ, जाणाऱ्याला हार घालाय तालुका जमतो. येणाऱ्याला कोण असतं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. आपा स्टँडवर जायच्या.

गावात कोण कशासाठी बाहेर गेलंय आणि कोण हात हलवत परत येतंय, ही बातमी त्यांना स्टँडवरच्या चहावाल्याकडून कळायची. पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेली मुलगी, सासरहून कायमची निघालेली, कोर्टातून सुटलेला आणि तरीही घरच्यांनी तोंड फिरवलेला. ज्याला घ्यायला कोणी येणार नाही, त्याच्यासाठी आपा. डोक्यावरून ओढणी, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात डबा. डब्यात कापलेलं खरबूज, आणि खरबूज नसलं तर पपई. गाडी लागली की त्या पुढं व्हायच्या. काय झालं, कसं झालं, काही विचारायच्या नाहीत. पाणी द्यायच्या, फोड द्यायच्या आणि कोपऱ्यापर्यंत सोबत चालायच्या. काही जण संकोचायचे. एक-दोघांनी तर "तुमाला कोण बोलावलं?" असंही तोंडावर विचारलं. आपा म्हणायच्या, "कोणी न्हाई. इकडंच आल्ते."

एकदा टरबुजांनी भरलेला टेंपो कालव्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा काठावर दीडशे माणूस. टेंपो कसा काढायचा, क्रेन कुठून आणायची, टरबुजं कोणाची, यावर जोरात चर्चा चालू. रशीदचाचा दोरखंड घेऊन आलेले. ड्रायव्हर जरा लांब बांधावर बसला होता, निथळत, दात वाजत होते. एकही माणूस त्याच्याजवळ नव्हता. आपांनी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि गर्दीकडं वळून असा आवाज चढवला की शाळेतल्या पोरी आठवाव्यात.

"रशीद! अमेरिकेचा एक अंतराळवीर असाच समिंदरात उतरला हुता. डब्यात पाणी शिरलं. माणूस बाहेर गटांगळ्या खातोय आन् वरून हेलिकॉप्टर डबा उचलाय बघतंय! माणूस आधी बघा की बे!"

आपांच्या तोंडून "बे" ऐकून सगळा कालवा गप्प झाला. मग कोणीतरी चहा आणला, कोणीतरी आपला शर्ट काढून दिला. परत येताना आपा मला म्हणाल्या, "त्या अमेरिकेवाल्याला जन्मभर लोक म्हणत राहिले, तू घाबरलास, तुझ्यामुळं डबा बुडाला. तो म्हणत राहिला, मी न्हाई केलं. माझा भरोसा हाय त्याच्यावर." एवढं बोलून मान हलवत राहिल्या.

मी त्या घरात वर्षभर राहिले तोवर मला माहीतच नव्हतं की आपांना एक मुलगा आहे.

घरात त्याचा फोटो नव्हता. कपडा नव्हता. त्यांच्या बोलण्यात तो कधी आला नाही. ते मला रशीदचाचांनी सांगितलं, एका सकाळी, मी कचेरीला निघाले होते तेव्हा. स्पॅनर पुसत म्हणाले, "आज नईम येतोय. मुंबईहून दुपारच्या गाडीनं. मला फोन आल्ता. आपांना सांगितलं तर काईच बोलल्या न्हाईत. तू जरा बघ."

"नईम कोण?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "आपांचा पोरगा."

तो बरीच वर्षं आखातात होता, एसी दुरुस्तीच्या कामावर. बाप आजारी पडला तेव्हा आला नाही. बाप गेला तेव्हाही आला नाही. तेव्हापासून मायलेक बोलत नव्हते. आता कंपनी बुडाली होती आणि तो परत येत होता.

मी कचेरीत अर्धी रजा टाकून परत आले. आपा गच्चीवर होत्या. घरातल्या सगळ्या गोधड्या काढून त्यांनी मोठ्या टपात भिजत घातल्या होत्या आणि एकेक काढून पायांनी तुडवत होत्या. थंडीचे दिवस, गोधड्या धुवायचे ते दिवसच नव्हते.

"आपा, स्टँडवर जायचं ना?"

"कोणासाठी?"

"नईम येताहेत."

"घर माहीत हाय त्याला. येऊ दे चालत."

त्या तुडवत राहिल्या. मी तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं त्या थांबल्या, पण टपातून बाहेर आल्या नाहीत.

"ह्याच्यासाठी बापाची मय्यत थांबवली मी," त्या म्हणाल्या. "लोक म्हणले, दुपारी जोहरच्या नमाजनंतर नेऊ. मी म्हणलं, थांबा, पोरगा निघालाय. असर झाली. लोक म्हणले, आता? मी म्हणलं, थांबा. दिवस बुडाला, मग्रीब झाली. माणसं दारात उभी, माज्याकडं बघत्यात. मग त्याचा फोन आला. पासपोर्ट मालकाकडं हाय म्हणला, मालक सोडत न्हाई म्हणला. मी फोन ठिवला. म्हणलं, उचला."

मी म्हटलं, "मी जाऊन येते."

"तुजा कोण लागतो तो?"

"कोणी नाही, आपा. तुमचे कोण लागत होते ते स्टँडवरचे सगळे?"

त्या पुन्हा तुडवायला लागल्या. मी स्वयंपाकघरातून बाटली भरून घेतली आणि निघाले.

गाडी आली. उतरणाऱ्यांत तो मला लगेच ओळखू आला, भिंतीवरच्या काळ्या टोपीवाल्या फोटोचा चेहरा तसाच्या तसा. फक्त दाढी पांढरी पडलेली. खांद्याला एकच बॅग. तो फलाटावर उतरला आणि उभा राहिला. इकडं तिकडं बघितलंही नाही. मी पुढं होऊन पाणी दिलं आणि मी कोण ते सांगितलं.

बाटली हातात धरून त्यानं विचारलं, "अम्मीनं पाठवलं?"

"नाही. मी माझी आले."

त्यानं मान डोलावली, पाणी प्याला आणि बाकावर बसला. मी म्हटलं, चला. तो म्हणाला, हो, पाच मिनिटं. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग चौकशीच्या खिडकीकडं बघत म्हणाला, "बीडची गाडी कधी हाय? तिथं मामू असतात. आज तिकडंच जातो. तुमी सांगा अम्मीला, मी बरा हाय."

"घर दहा मिनिटांवर आहे."

"माहीत हाय," तो म्हणाला. "दार बी माहीत हाय. पण दारातून परत यायची ताकद न्हाई आता."

बीडची गाडी लागली. तो उठला, बॅग खांद्याला लावली. मी रशीदचाचांना फोन लावत होते, आणि तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून आपा आत आल्या.

हातात बाटली नाही, डबा नाही. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, कोपरांना साबण, ओढणी कशीतरी गुंडाळलेली. इतक्या झपाझप आल्या होत्या की बोलायला दम नव्हता. मुलासमोर उभ्या राहिल्या. तोही उभा. बीडच्या गाडीचा कंडक्टर दारात हात ठेवून बघत होता. आपांनी हात वर केला आणि नईमच्या गालाला लावला.

"दाढी इत्ती सफेद काय कू हुई रे?"

नईमनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली.

मग ते दोघं बाकावर बसले. आपसात उर्दूत बोलत होते. मी ते माझ्या मराठीत सांगते.

"अम्मी, पासपोर्ट खरंच त्यांच्याकडं होता."

"माहीत आहे."

"आता कळलं?"

"तेव्हाच माहीत होतं. तू खोटं बोलत नाहीस, लहानपणापासून."

नईम त्यांच्याकडं बघत राहिला. "मग इतकी वर्षं?"

आपांनी ओढणीच्या टोकानं हातावरचा साबण पुसला. "कोणावर तरी राग धरायचा होता ना. त्या मालकाचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. तुझंच माहीत होतं."

मग आपा उठल्या. मी बॅग घेतली. स्टँडबाहेर आल्यावर नईम डावीकडं वळायला लागला, मशिदीमागच्या गल्लीकडं. तिकडून घर जवळ पडतं आणि वाटेत ओळखीचं कोणी भेटत नाही.

"तिकडून कावून?" आपा मराठीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "चोरी केलीस का? सरळ चल."

त्यांनी त्याचं कोपर धरलं आणि भर बाजारातून निघाल्या. कापडवाल्यापाशी थांबल्या: "माझा पोरगा. नईम." बांगडीवालीपाशी थांबल्या: "आमचा नईम." नईमची मान खाली होती. तिसऱ्या-चौथ्या दुकानापासून ती जरा वर आली. किराणावाल्या शेठजींनी चष्मा कपाळावर घेऊन विचारलं, जसं आखातातून आलेल्या कोणालाही विचारतात, "अरे वा! किती दिवसांची सुट्टी?"

आपा म्हणाल्या, "सुट्टी संपली त्याची."

घरी पोचल्यावर आम्ही थेट गच्चीवर गेलो, कारण नळ तसाच वाहत होता आणि पाणी जिन्यापर्यंत आलं होतं. टपात अर्ध्या गोधड्या बुडालेल्या. नईमनं नळ बंद केला, बॅग कोरड्या जागी ठेवली, बूट काढले आणि विजार दुमडली. आपांनी टपातून सगळ्यात जड गोधडी ओढली. तिचं एक टोक त्याच्याकडं फेकलं.

"धर. एकटीला पिळवत न्हाई."

तो एका बाजूनं आणि त्या दुसऱ्या बाजूनं पीळ द्यायला लागले. पाणी धो धो पडत होतं. आपांच्या हातून टोक सुटलं, त्या मागं धडपडल्या आणि हसल्या. नईमनं टोक उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं. मी माझ्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.